पांढरा शर्ट, निळी जीन्स, पायात कोल्हापुरी

कपाट उघडलं की कपड्यांचा ढीग अंगावर येतो आणि तरी घालायला काही नसतं. ही तक्रार आता शहरापुरती राहिलेली नाही, तालुक्याच्या गावातल्या हॉस्टेलवरही ऐकू येते. तिच्यावरचा उपाय सांगणारे व्हिडिओ फोनवर रोज दिसतात. कपडे मोजके ठेवा, पण एकमेकांवर जाणारे ठेवा. एक नीट बसणारा पांढरा शर्ट, एक गडद निळी जीन्स, दोन साधे टी-शर्ट, एखादा झब्बा, पायात कोल्हापुरी. एवढ्यात महिना निघतो.

या उपायाला 'कॅप्सूल वॉर्डरोब' असं भारदस्त नाव आहे. लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी १९७०च्या दशकात ते रूढ केलं असं मानतात. पुढे १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉना करन यांनी नोकरी करणाऱ्या बायकांसाठी एकमेकांत मिसळून घालता येतील अशा सात कपड्यांचा संच आणला आणि ही कल्पना जगभर गेली.

आपल्या आजी-आजोबांना हे ऐकून हसू आलं असतं. 'एक अंगावर, एक दांडीवर' हा त्यांच्या घराचा नियमच होता. एक कपडा घालायचा, तोवर दुसरा धुऊन वाळत. त्यांच्याकडेही कपडे मोजकेच होते, पण त्यांना कुणी स्टायलिश म्हटलं नाही. मोजके आणि साधे कपडे एकाच्या अंगावर अभिरुची ठरतात आणि दुसऱ्याच्या अंगावर गरिबी, असं का होतं? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. वरच्या यादीतल्या तीनच वस्तू घेऊ: शर्ट, जीन्स आणि कोल्हापुरी. आज या तिन्ही वस्तू कुणीही कधीही घालतं, इतक्या त्या 'बेसिक' झाल्या आहेत. पण त्यांचा इतिहास पाहिला तर कुणी काय घालावं आणि कुणी काय घालू नये, याच्या भांडणाचाच तो इतिहास आहे.

कॉलर पांढरी कुणाची?

युरोपात शर्ट हा शेकडो वर्षं आतला कपडा होता. वरच्या भारी कोटाला घाम लागू नये म्हणून तो अंगाला लागून घालायचा. तो लांब असायचा आणि त्याची टोकं खाली खोचलेली असायची. तुमच्या फॉर्मल शर्टची खालची कड आजही गोलाकार आणि मागे-पुढे लांब असते, ती त्याच काळाची आठवण आहे. कोट घातल्यावर या शर्टाचं दिसायचं ते फक्त कॉलर आणि मनगटाजवळचे कफ. त्यामुळे माणसाची पत जोखायला लोक तेवढंच बघत. ज्याला कोळशात, मातीत, तेलात हात घालावा लागत नाही, त्याचीच कॉलर संध्याकाळपर्यंत पांढरी राहणार. कचेरीत बसून काम करणाऱ्याला पुढे 'व्हाइट कॉलर' म्हणू लागले ते यामुळेच.

पण पांढरी कॉलर आपोआप पांढरी राहत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय नावाचं गाव आहे. तिथल्या हॅना माँटेग्यू या गृहिणीनं १८२७ मध्ये नवऱ्याच्या शर्टांच्या कॉलरी कापून वेगळ्या केल्या, असं सांगतात. पूर्ण शर्ट मळलेला नसतो, मग रोज फक्त कॉलरच का धुऊ नये, एवढाच तिचा हिशेब. त्यातून सुट्या कॉलरींचा मोठा धंदा उभा राहिला आणि ट्रॉयला 'कॉलर सिटी' हे नावच पडलं. या कॉलरी विकण्याआधी धुवायच्या, उकळायच्या, खळ घालून इस्त्री करायच्या. ते काम करणाऱ्या बहुतेक आयरिश बायका होत्या. उकळतं पाणी, ब्लीचची रसायनं, तापलेल्या जड इस्त्र्या आणि दिवसाचे बारा-चौदा तास. फेब्रुवारी १८६४ मध्ये केट मुलॅनी या जेमतेम विशीच्या मुलीनं त्यांना एकत्र आणून 'कॉलर लाँड्री युनियन' काढली, संप केला आणि मजुरी वाढवून घेतली. अमेरिकेतल्या स्त्री कामगारांच्या सुरुवातीच्या संघटनांमध्ये तिची गणना होते. साहेबांच्या गळ्यातला पांढरेपणा या मुलींच्या भाजलेल्या हातांतून येत होता.

आपल्याकडेही वेगळं नव्हतं. मुंबईत महालक्ष्मीच्या धोबीघाटावर पिढ्यान्‌पिढ्या कपडे आपटले गेले, ते मुख्यतः दुसऱ्यांचे. घरोघरी पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात नीळ घालायची पद्धत होती. जुनं सुती कापड पिवळट पडतं, त्यावर निळ्याची किंचित झाक आली की डोळ्यांना ते जास्त पांढरं भासतं. ज्याच्याकडे इस्त्री नव्हती तो तांब्यात निखारे भरून शर्टावर फिरवायचा, किंवा नीट घडी घालून रात्रभर गादीखाली ठेवायचा.

आणि हे सगळं कशासाठी? जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी. मुलांना पांढरा शर्ट आणि खाकी हाफ पँट, मुलींना पांढरा शर्ट आणि निळा स्कर्ट. यातली खाकीही आपल्याच मातीतली. हा शब्द धूळ या अर्थाच्या 'खाक'वरून आला. पेशावरच्या गाइड्स पलटणीच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८४०च्या दशकात धुळीत मिसळून जाणारे कपडे सैनिकांना दिले, आणि तिथून खाकी जगभरच्या फौजांत गेली. खेड्यातल्या कित्येक घरांत मुलाचा पहिला इस्त्रीचा कपडा हा शाळेचा पांढरा शर्ट होता. सगळी मुलं सारखी दिसावीत म्हणून गणवेश होता. पण कुणाचा शर्ट निळीतून निघालेला आणि कुणाचा पिवळट, हे पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळायचं. तरीही ज्या घरात आदल्या पिढीपर्यंत कुणी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, त्या घरात दोरीवर वाळणारा तो शर्ट म्हणजे मोठी बातमी होती.

डोंगरीचं कापड, डेव्हिसचे रिव्हेट

जीन्सची गोष्ट नेहमी अमेरिकेतून सुरू होते. ती मुंबईतूनही सुरू करता येते. खडबडीत सुती कापडाला आपल्याकडे 'डुंगरी' म्हणत. मुंबईच्या डोंगरी भागावरून हे नाव पडलं, असं शब्दकोश सांगतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हे स्वस्त आणि टिकाऊ कापड जहाजांवरून बाहेर गेलं आणि इंग्रजीत 'डंगरी' झालं. खलाशी आणि मजूर त्याचे कपडे घालत. जीन्सच्या चुलत घराण्यातला तो खांद्यावर पट्टे असलेला कपडा तुम्ही आजही 'डंगरी' म्हणूनच विकत घेता. डेनिम हे नाव फ्रान्सच्या नीम शहरावरून आणि जीन हे इटलीच्या जिनोआवरून आलं असं मानतात. तीन बंदरं-बाजारपेठांची नावं, पण तिन्ही कापडं कष्टकऱ्यांची.

आज आपण घालतो ती जीन्स जन्मली एका शिंप्याच्या दुकानात. जेकब डेव्हिस हा लाटव्हियातून आलेला ज्यू स्थलांतरित अमेरिकेत नेवाडातल्या रीनो गावात शिवणकाम करायचा. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली. नवऱ्याची पँट सारखी फाटते, जरा दणकट शिवून दे म्हणाली. डेव्हिसकडे घोड्यांच्या चादरींना मारायचे तांब्याचे रिव्हेट होते. खिशांच्या कोपऱ्यांवर, जिथे शिवण उसवते तिथे, त्यानं ते ठोकले. पँट टिकली आणि मागणी वाढली. पेटंट घ्यायला एकट्याकडे पैसे नव्हते म्हणून त्यानं आपला कापडाचा व्यापारी, सॅन फ्रान्सिस्कोचा लेव्ही स्ट्रॉस, याला पत्र लिहिलं. २० मे १८७३ रोजी दोघांना मिळून पेटंट मिळालं. ब्रँडवर नाव राहिलं व्यापाऱ्याचं. शिंप्याचं नाव आज फार कुणाला माहीत नसतं.

या पँटलाही लगेच एक कुंपण पडलं. तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चिनी मजुरांविरुद्ध वातावरण तापलेलं होतं आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात येऊ न देणारा कायदाही झाला. एका जुन्या खाणीत सापडलेली त्या काळातली एक लेव्हाइस २०२२ मध्ये लिलावात ७६ हजार डॉलरला विकली गेली. तिच्या खिशाच्या आत छापलं होतं की असा माल फक्त गोऱ्या मजुरांनी बनवलेला आहे. काळ्या-पिवळ्या हातांचा स्पर्श झालेला नाही, ही त्या काळी जाहिरात होती. स्पर्शाची ही भाषा आपल्याला अनोळखी नाही.

रंगाचं प्रकरणही तसंच. जीन्स निळी असते ती निळीमुळे, इंडिगोमुळे. एकोणिसाव्या शतकात जगाला लागणारी बरीचशी नीळ भारतातून जायची. बंगालात निळीचे मळेवाले शेतकऱ्यांवर सक्ती करायचे. भाताच्या जमिनीत नीळ लावायला लावायची आणि कर्जात बुडवायचं. १८५९ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी उठाव केला. पुढच्याच वर्षी दीनबंधू मित्र यांचं 'नीलदर्पण' हे नाटक आलं. बिहारमधल्या चंपारणला तर वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावायची सक्ती होती. तिच्याविरुद्ध गांधीजींनी १९१७ मध्ये चळवळ केली. तोवर जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीनं १८९७ मध्ये कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणून झाडाच्या निळीचा धंदा जवळजवळ संपवला होता.

कामगारांची ही पँट तरुणांनी उचलली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५५ मध्ये 'रिबेल विदाउट अ कॉज'मध्ये जेम्स डीननं ती घातली आणि अमेरिकेतल्या अनेक शाळांनी तिच्यावर बंदी घातली. बंदीचा जो परिणाम व्हायचा तोच झाला. आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकांत जीन्स, वर झब्बा आणि खांद्याला शबनम पिशवी हा चळवळीतल्या मुलामुलींचा जणू गणवेश झाला. पण जीन्स खेड्यात पोचली ती नव्वदच्या दशकात. अहमदाबादच्या अरविंद मिल्सनं 'रफ अँड टफ' नावानं न शिवलेल्या जीन्सचा संच विकायला काढला. कापड, चेन, बटण, रिव्हेट सगळं एका पाकिटात. ते घ्यायचं आणि गावच्या शिंप्याकडून मापानं शिवून घ्यायचं. शिंप्याच्या दुकानात जन्मलेली जीन्स सव्वाशे वर्षांनी पुन्हा शिंप्याच्या दुकानात आली.

मुंबईत मात्र कापड विणणारे हात तोवर रिकामे झाले होते. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि गिरणगाव पुन्हा उभं राहिलं नाही. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे. तिथे ट्रायल रूमच्या आरशासमोर जीन्स घालून बघणाऱ्या मुलीच्या आजोबांनी कदाचित त्याच जागेवर साचे चालवले असतील.

पायताण

तिसरी वस्तू पायातली. कोल्हापूर भागात तिला पायताण म्हणतात. अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. तिला खिळा लागत नाही, चामड्याच्याच वादीनं ती शिवतात. कातडं कापणं, कमावणं, शिवणं आणि वरची वेणी घालणं, या कामांत अख्खं घर गुंतलेलं असतं आणि वेणीचं बारीक काम बहुतेक बायका करतात. नवी जोडी पायाला चावते, करकर वाजते. तेल पाजत, रोज थोडा वेळ घालत तिला पायाच्या आकाराची करून घ्यावी लागते. मग ती वर्षानुवर्षं साथ देते.

ती बनवणारे लोक ढोर आणि चांभार समाजांचे. हे काम अपवित्र ठरवलेलं आणि ते करणारेही अस्पृश्य ठरवलेले. अनेक गावांत दलितांना सवर्णांच्या आळीतून जाताना पायातलं काढून हातात घ्यावं लागे. ज्याच्या हाताशिवाय गावाला पायताण मिळत नाही, त्यालाच ते पायात घालून गावातून चालायची मुभा नाही.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच चपला दिसल्या. कोल्हापूरचा उल्लेख कुठेच नव्हता. इथून ओरड झाल्यावर कंपनीनं या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हे मान्य केलं. तो राग रास्तच होता. पण इटलीतल्या कंपनीनं श्रेय दिलं नाही म्हणून चिडलेल्या आपण, गावातल्या कारागिराला किती पिढ्या श्रेय दिलं, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कुणी विचारला नाही.

दहा दिवसांतल्या दोन गोष्टी

पायताण कुणी कुठे घालायचं हे जसं ठरलेलं होतं, तसंच लुगडं किती खाली नेसायचं, धोतराला कसला काठ हवा हेही ठरलेलं होतं. १९२७ साल संपता संपता आणि १९२८ सुरू होता होता, दहाच दिवसांच्या अंतरानं, दोन गोष्टी समोर आल्या.

पहिली महाडची. २५ ते २७ डिसेंबर १९२७ या दिवसांत तिथे सत्याग्रह परिषद भरली होती. मनुस्मृती जाळली गेली ती याच परिषदेत. तिथे आलेल्या स्त्रियांशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर वेगळं बोलले, आणि त्या भाषणात कपड्यांचा विषय मोठा होता. तेव्हा अस्पृश्य स्त्रियांचं लुगडं वर, गुडघ्याजवळ नेसलेलं असे. गळ्यात गळसऱ्यांचं ओझं आणि हातात कोपरापर्यंत चांदीचे किंवा कथलाचे दागिने असत. लांबून बघूनच जात ओळखू यावी असा तो पेहराव होता. बाबासाहेबांचं सांगणं असं होतं की ही ओळखीची खूण टाकून द्या. लुगडं इतर स्त्रियांसारखं खालपर्यंत नेसा. कपडा फाटका असला तरी चालेल, स्वच्छ ठेवा. आणि मुलींना शिकवा. तिथल्या सुधारक घरांतल्या बायकांनी नव्या पद्धतीनं नेसायला मदत केली आणि कितीतरी जणी तसंच नेसून परत गेल्या. कापड तेच होतं, त्यावर एक पैसाही खर्च झाला नव्हता. दोन वीत खाली आलेल्या काठानं त्यांचं गावातलं चालणं बदललं.

दुसरी गोष्ट इंदूरची. ४ जानेवारी १९२८च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त एक बातमी आली. पुढे बाबासाहेबांनी 'ॲनाहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये तिचा सविस्तर उल्लेख केला. होळकरांच्या इंदूर जिल्ह्यातल्या काही गावांतल्या सवर्णांनी बलाई या अस्पृश्य समाजाला नियम घालून दिले होते. सोनेरी किनारीचा फेटा बांधायचा नाही. रंगीत किंवा नक्षीदार काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने आणि नक्षीचे कपडे घालायचे नाहीत. आणखीही बऱ्याच अटी होत्या आणि त्या मान्य नसतील तर गाव सोडायचा होता. बलाईंनी नकार दिला. त्यांना विहिरीचं पाणी तोडलं, गुरं चारू दिली नाहीत, आणि अनेकांना घरदार टाकून जावं लागलं.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या की गोंधळायला होतं. इंदूरचे सवर्ण म्हणत होते, दागिने घालू नका. महाडला बाबासाहेबही दागिने टाका म्हणत होते. मग फरक काय? फरक निवडीचा आहे. इंदूरला साधेपणा लादलेला होता, महाडला तो स्वतःहून उचललेला होता. एकानं माणसाला त्याची जागा दाखवली, दुसऱ्यानं त्याला जागेवरून उठवलं.

याच चष्म्यातून आधुनिक भारतातले दोन सर्वांत प्रसिद्ध पेहराव बघा. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईला गांधीजींनी अंगावरचे कपडे कमी करून फक्त पंचा नेसायचं ठरवलं. लंडनला शिकलेल्या, सूटबूट घातलेल्या बॅरिस्टरनं गरिबाइतकंच कापड वापरायचं, यात त्याग होता आणि देशाला तो दिसला. बाबासाहेब उलट बाजूनं आले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आलेल्या या माणसानं नीट शिवलेला सूट, टाय, बूट घातले. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अंगभर कपडाही नाकारला होता, त्यातल्या माणसानं पंचा नेसला असता तर कुणाला त्याग दिसला नसता. लोक म्हणाले असते, हे असंच असतं. म्हणून गावोगावच्या पुतळ्यांत बाबासाहेब निळ्या कोटात उभे असतात.

आज नियम कोण करतं?

आता बलाईंसारखे नियम लिहून काढायची कुणाची हिंमत नाही. पण नियम संपलेले नाहीत. उत्तर प्रदेश आणि हरयाणातल्या खाप पंचायतींनी मुलींच्या जीन्सवर बंदी घातल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. मुलाच्या जीन्सनं संस्कृती बुडत नाही, मुलीच्या बुडते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाच्या परिपत्रकानं सरकारी कर्मचाऱ्यांना कार्यालयात जीन्स आणि टी-शर्ट घालू नका, आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी घाला असं सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी सरकारला डिवचण्यासाठी घालायची खादी आता सरकारच घालायला सांगतं, यात गंमत आहे.

सर्वांत कडक नियम मात्र परिपत्रकात सापडत नाहीत, ते कमेंट बॉक्समध्ये असतात. एखादा मुलगा रंगवलेले केस, चमकदार शर्ट, फाटकी जीन्स आणि मोठा गॉगल घालून रील टाकतो. खाली शेकडो लोक एकच शब्द लिहितात: 'छपरी'. छपराखाली राहणाऱ्याला, छपरं शाकारणाऱ्याला लावलेला हा शब्द आहे, आणि त्याच्यामागे कुणाचं घर, कुणाची वस्ती उभी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. त्याला सल्लाही मिळतो, 'साधं राह, क्लासी दिसशील.' सल्ला देणारा स्वतः बिनछापाचा पांढरा शर्ट आणि साधी निळी जीन्स घालून बसलेला असतो.

तो शर्ट साधा आहे यात वाद नाही. पण त्याला काही सिद्ध करायचं नाही, हेही तो शर्ट सांगत असतो. त्याच्या घरात भारी कपडे आजोबांपासून आहेत, म्हणून त्याला ते टाळता येतात. ज्याच्या आजोबांना रंगीत काठाच्या धोतराचीही बंदी होती, त्याच्या नातवानं पहिल्या पगारात भडक शर्ट घेतला तर तो चव नसल्याचा पुरावा नसतो. कुणी परवानगी विचारायची नाही, एवढंच तो त्या शर्टानं सांगत असतो.

मग जमवायचं कसं?

याचा अर्थ साधे कपडे घालू नका असा नाही. जरूर घाला. मोजक्या कपड्यांत भागवणं पाकिटालाही बरं आणि जगालाही. फक्त हे कपडे एकमेकांवर का जातात, याची कारणं त्यांच्या घडणीतच आहेत, ती लक्षात ठेवली तर फॅशनचा सल्ला विकत घ्यावा लागत नाही.

जीन्स पालथी करून बघा. डेनिममध्ये उभा धागा, म्हणजे ताणा, निळा रंगवलेला असतो आणि आडवा, म्हणजे बाणा, पांढराच ठेवलेला असतो. पांढरा शर्ट जीन्सवर इतका सहज जातो, कारण पांढरा रंग जीन्सच्या आतच आहे. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवर बसतो. म्हणून वापरानं तो जिथे घासला जातो तिथे फिका पडतो, आणि प्रत्येकाची जीन्स हळूहळू त्याच्याच अंगाची होते. ती वारंवार धुऊ नका, धुवाल तेव्हा उलटी करून गार पाण्यात धुवा.

शर्टची खालची कड गोल असेल तर तो खोचा, सरळ असेल तर बाहेर ठेवला तरी शोभतो. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावर यायला हवी. बाकी सगळं शिंपी दुरुस्त करू शकतो, खांदा करणं महागात पडतं. आणि शिंप्याकडे जाच. दोनशेच्या शर्टाला पन्नास रुपयांची दुरुस्ती केली तर तो दोन हजारांच्या मॉलमधल्या शर्टाला मागे टाकतो. मुलींनी जीन्स घेताना खिशात हात घालून बघावा. नऊवारीत आजीला पैसे ठेवायला कनवटी होती आणि शेतातून आणलेलं काही धरायला ओचा होता. नातीच्या पँटला खोटा खिसा असणं हा काही प्रगतीचा पुरावा नाही.

कोल्हापुरी घेताना शिवण बघा, खिळे दिसले तर सोडा. कुठली आहे, कुणी बनवली हे विचारा. दुकानदाराला सांगता आलं तर चार पैसे जास्त देऊन घ्या. आणि पहिल्या आठवड्यात ती चावली तर तक्रार करू नका, तेल लावा.

या तिन्ही वस्तू तुमच्यापर्यंत येईपर्यंत धोबिणीच्या, शिंप्याच्या, निळीच्या शेतकऱ्याच्या, गिरणी कामगाराच्या आणि चांभाराच्या हातांतून आल्या आहेत. त्यातल्या बहुतेकांना त्या अंगावर घालायला परवानगी तरी नव्हती किंवा ऐपत तरी नव्हती. आज ती कुणाला मागावी लागत नाही, निदान कागदावर तरी. तेव्हा सकाळी पांढरा शर्ट, निळी जीन्स आणि कोल्हापुरी घालून बाहेर पडा, छान दिसाल. आणि वाटेत कुणी चमचम शर्ट घातलेला भेटला, तर त्यालाही छान दिसतोस म्हणा.